माल बांधणारे रामदास ओव्हाळ

नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही मांजरीला राहायला गेलो, तेव्हा आमच्या सोसायटीच्या फाटकावर रामदास ओव्हाळ वॉचमन होते. पन्नाशी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे. नमस्कार करताना त्यांची बोटं पूर्ण सरळ होत नसत. कुणाशी फारसं बोलणं नाही. येणाऱ्याची नोंद घ्यायची, पाण्याचा टँकर आत घ्यायचा, संध्याकाळी दिवे लावायचे, एवढंच.

एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे गोपाळकृष्ण आठवले बिऱ्हाड हलवत होते. टेम्पो भरून झाला होता. गाद्या, खुर्च्या, हलके खोके पुढे आणि खाली आणायला उशीर झालेली दोन लोखंडी कपाटं अगदी शेवटी, मागच्या फळीला टेकवून उभी. ओव्हाळ खुर्चीवरून उठले, टेम्पोभोवती एक फेरी मारली, दोर अंगठ्यानं दाबून पाहिला आणि सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

"कपाटं मागं उभी हायेत," ते म्हणाले. "चढाला गाडीचं तोंड हलकं होईल, स्टिअरिंग धरणार नाही. आणि ब्रेक मारलास की सगळं पुढं येईल. गाडी तू चालवणार हायेस, म्हणून तुला सांगतो."

आठवल्यांनी ते ऐकलं. "अहो, आपण फाटक बघा. टेम्पो बघायला आम्ही टेम्पोवाला ठेवला आहे."

ओव्हाळांनी मान वळवली नाही. ते ड्रायव्हरकडेच बघत राहिले. ड्रायव्हर खाली उतरला, मागे जाऊन आला आणि दोर सोडू लागला. अर्धा टेम्पो पुन्हा उतरवावा लागला. आठवले जाईपर्यंत धुसफुसत होते.

दुपारी मी चहा घेऊन फाटकाशी गेलो आणि विचारलं, "ओव्हाळ, माल आठवल्यांचा होता. त्यांना का नाही सांगितलंत?"

त्यांनी कप घेतला.

"साहेबाला सांगून घरी गेलो होतो एकदा," ते म्हणाले. त्या दिवशी त्यापुढे काही नाही.

पुढचं मला हळूहळू कळलं. काही त्यांच्याकडून, काही त्यांच्या पत्नी शालनताईंकडून.

वॉचमन होण्याआधी ओव्हाळ मांजरीपलीकडच्या एका यार्डात माल चढवणाऱ्या माणसांचे मुकादम होते. साखर कारखान्यांची अवजड यंत्रं तिथून निघत. उसाचा रस आटवायची घराएवढी भांडी, बॉयलरचे ड्रम, टाक्या. असलं धूड ट्रेलरवर ठेवलं की ते दोन्ही बाजूंनी बाहेर येतं, विजेच्या तारांना लागेल इतकं उंच जातं, आणि गोल असल्यामुळे त्याला बसायला जागाच नसते. क्रेन ते उचलते, पण कुठे टेकवायचं आणि कसं धरून ठेवायचं हे खालच्या माणसांनी बघायचं. ओव्हाळ ते बघत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. वजन ट्रेलरच्या सगळ्या चाकांवर सारखं आलं पाहिजे. मागे जास्त झालं तर पुढचा, ओढणारा ट्रक हलका पडतो, पुढे जास्त झालं तर त्याचे ॲक्सल दबतात. लोखंडावर लोखंड कधी ठेवायचं नाही, घसरतं. मध्ये लाकूड किंवा रबर हवंच. गोल भांड्याखाली त्याच्या पोटाच्या मापाचा लोखंडी पाळणा हवा. यार्डातले लोक त्याला सॅडल म्हणत. तो ट्रेलरला पक्का जोडलेला हवा आणि माल पुढे सरकू नये म्हणून समोर आडवा लोखंडी रोधही हवा. साखळ्या ओढून झाल्या की गाडी फाटकापर्यंत चालवायची, जोरात ब्रेक मारायचा आणि ढिल्या झालेल्या साखळ्या पुन्हा आवळायच्या. एवढं झाल्याशिवाय ते चहालाही जात नसत.

त्या यार्डातून सर्वांत जास्त खेपा करणारा ड्रायव्हर म्हणजे संपत कदम, कात्रजचा. त्याचं घर जुन्या गावठाणात, थोडी शेती उरलेली, बाकी इमारतींखाली गेलेली. ओव्हाळांच्या आणि त्याच्या वयात फार अंतर नव्हतं. दोघं ट्रेलरच्याच सावलीत बसून जेवत. संपत बोलका, ओव्हाळ ऐकणारे. यार्डातली माणसं संपतला चिडवत, की दुसरे ड्रायव्हर निघण्याआधी साखळ्या हलवून बघतात, तू खाली उतरतसुद्धा नाहीस.

"रामदासनं बांधलंय ना?" संपत म्हणायचा. "मग मी काय बघू? त्याच्यापरीस मला जास्त कळतं काय?"

हे ऐकून ओव्हाळांना बरं वाटायचं. शालनताईंना त्यांनी ते घरी येऊन सांगितलं होतं. नवऱ्यानं स्वतःची एवढी एकच स्तुती घरात आणली, असं त्या मला म्हणाल्या.

गळिताचा हंगाम तोंडावर आला होता. दक्षिणेकडच्या एका कारखान्याचं भांडं तयार होतं, पण त्याच्या मापाचे सॅडल बनवणाऱ्याकडून आले नव्हते. कारखान्याचे फोनवर फोन येत होते. यार्डाच्या मॅनेजरनं ओव्हाळांना बोलावलं आणि लाकडी ठोकळे लावून भांडं आजच काढायला सांगितलं.

ओव्हाळांनी भांड्याकडे पाहिलं, ट्रेलरकडे पाहिलं. "सॅडलशिवाय हे बसायचं नाही, साहेब. ठोकळे घाटात सरकतील. उतारावर ब्रेक लागला की भांडं पुढं येईल. पुढं केबिन हाय."

"साखळ्या वाढवा."

"साखळ्या त्याला खाली दाबून धरतात. पुढं जाताना साखळी धरत नाही."

"ओव्हाळ, मी विचारत नाही, सांगतोय."

"मग मी बांधणार नाही," ओव्हाळ म्हणाले.

मॅनेजर म्हणाला, नसेल बांधायचं तर घरी जा. ओव्हाळ गेले. डोक्यात संताप होता आणि एक खात्रीही होती, की आपण हात लावला नाही तर ते धूड जागचं हलणार नाही. यार्डात दुसरं कोण होतं?

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. संपत तिथे बसला होता. त्याची गाडी यार्डात लागलेली होती आणि माल भरून व्हायची तो वाट बघत होता. त्यानं हात वर केला. ओव्हाळांनी मोटारसायकलवरूनच हात वर केला आणि ते पुढे निघून गेले.

यार्डात दुसरी माणसं होती. त्यांनी ओव्हाळांना इतकी वर्षं बघितलं होतं. त्यांना साखळ्या ओढता येत होत्या, ठोकळे मारता येत होते. त्यांनी भांडं भरलं आणि संध्याकाळी गाडी निघाली. पुण्याबाहेर पडल्यावर घाटाच्या उतारावर पुढे एक मोटार अचानक थांबली आणि संपतनं ब्रेक मारला. गाडी थांबली. भांडं थांबलं नाही.

ओव्हाळांना सकाळी कळलं. ते दाढी करत होते. शालनताईंनी सांगितलं, की त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून कपडे घातले आणि ते बाहेर पडले. त्या दिवशी ते कुठे गेले हे त्यांनी आजवर घरात सांगितलेलं नाही.

चौकशी झाली. मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला, त्याला जामीन मिळाला, तारखा पडत राहिल्या. ओव्हाळांनी जबाब दिला. जो तो त्यांना एकच सांगत होता, की तुम्ही तर नाही म्हणालात, तुमचा काय संबंध. पोलिसही तेच म्हणाले. मुलगी दीपाली तेव्हा कॉलेजात होती. तीही म्हणाली, "पप्पा, तुम्ही एकटेच बरोबर होता." ते उठून अंगणात गेले.

तेरावं झाल्यावर ते कात्रजला गेले. संपतची आई सोजरबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मावशी, मी मांजरीचा रामदास."

"वळखते. त्येच्या तोंडी तुझंच नाव असायचं. बस."

ओव्हाळ बसले नाहीत.

"त्ये तू बांधलं हुतंस का?" सोजरबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग तू कशापायी आलास? ज्यांनी बांधलं त्ये तर कुणी आलं न्हाईत."

"मला ठाऊक होतं, मावशी. ते सरकणार हे मला ठाऊक होतं. मी नाही म्हणालो अन् घरी निघालो. संपत टपरीवर बसला होता. त्यानं हात केला. मीबी हात केला."

सोजरबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"थांबला न्हाईस?"

"नाही."

"का रं?"

"रागात होतो. वाटलं, माझ्याबिगर ते भरायचेच नाहीत."

घरातून कुणीतरी बाहेर डोकावलं आणि परत आत गेलं. ती संपतची बायको निशा असावी, असं ओव्हाळांना वाटलं.

"त्येला वाटलं आसंल," सोजरबाई हळू म्हणाल्या, "का तूच बांधलंयस."

ओव्हाळांनी मला हे सांगितलं तेव्हा ते फाटकाच्या गजांकडे बघत होते. एवढ्या दिवसांत हे वाक्य त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही, पण दुसऱ्या कुणी ते उच्चारलं नव्हतं.

"राग न्हाई, असं माझ्यानं म्हणवत न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "जा आता."

ते गेले. यार्डातही परत गेले नाहीत. नवा मॅनेजर दोनदा घरी येऊन गेला, त्याला त्यांनी दारातूनच नको म्हणून सांगितलं. वॉचमनची नोकरी धरली. रस्त्यानं ट्रेलर जाताना दिसला की ते पाठ करून उभे राहतात, हे आमच्या इमारतीतल्या लोकांनी पाहिलं होतं, पण कारण कुणाला माहीत नव्हतं.

सोजरबाई काही वर्षांनी वारल्या. ओव्हाळांना निरोप कुणी पाठवला नव्हता, त्यांना बाजारात कळलं. ते स्मशानात गेले आणि अगदी मागे, भिंतीशी उभे राहिले. निशाच्या ते लक्षात आलं. ती बायकांतून उठून त्यांच्यापर्यंत आली. "भाऊजी, पुढं या," एवढं बोलून ती वळली. ओव्हाळ पुढे जाऊन इतर माणसांत उभे राहिले. ती क्षमा होती की नुसतं रीतीचं बोलावणं, हे आपल्याला ठरवता आलं नाही, असं ते म्हणाले. त्यांनी ते ठरवायचा प्रयत्नही पुढे सोडून दिला.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शेफाली राहायची. जड मालाची वाहतूक करणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. आठवल्यांच्या टेम्पोची गोष्ट माझ्याकडून तिच्या कानावर गेली. ती फाटकाशी येऊन ओव्हाळांशी बोलू लागली. आधी सहज, मग कामाचं. ड्रॉइंग दाखवून विचारायची, की काका, इथं साखळी कशी घ्याल? ओव्हाळ उत्तर द्यायचे आणि कागद परत करायचे. शेवटी तिनं त्यांना कामावरच बोलावलं. त्यांनी नको म्हटलं.

त्या संध्याकाळी शालनताई त्यांना म्हणाल्या, "तुम्ही घरी बसला म्हणून गाड्या थांबल्या का? कुणीतरी बांधतंयच. कसं बांधतंय, देव जाणे." आणि मग, स्वतःच्या तोंडून निघालेल्या देवाचं त्यांनाच हसू आलं, कारण त्यांच्या घरात बुद्धवंदना होते आणि देवावर काही सोडलेलं सासऱ्यांना कधी चाललं नव्हतं. ओव्हाळ हसले नाहीत. पण ते गेले.

जाताना त्यांनी शेफालीला एकच अट घातली. माल बांधून झाल्यावर ड्रायव्हर आपल्याबरोबर गाडीभोवती फिरेल आणि आपण सांगू ते ऐकेल. चांगलं असेल ते आणि वाईट असेल तेही. त्याआधी गाडी हलणार नाही. ड्रायव्हरांना हे कटकटीचं वाटे. एक जण तर म्हणाला, "चाचा, शादी का फेरा है क्या?" ओव्हाळ त्याला कोपराला धरून प्रत्येक साखळीपाशी नेत, हात लावायला लावत, कुठे काय धरलंय आणि काय सुटू शकतं ते सांगत.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका कारखान्यासाठी लांब भांडं जायचं होतं. ओव्हाळांनी त्याला फेरी मारली आणि क्रेनचे पट्टे घालण्यासाठी वजनाचा मध्य जिथे वाटला तिथे खडूनं खूण केली. शेफाली ड्रॉइंग घेऊन आली.

"काका, आत नळ्या बसवायची जाड लोखंडी प्लेट या टोकाला आहे. बाहेरून दिसत नाही. वजनाचा मध्य तुमच्या खुणेपासून बराच इकडे येईल."

ओव्हाळांना ते पटलं नाही. भांडं बाहेरून अगदी सारखं दिसत होतं. "जरा उचलून बघू," ते म्हणाले.

क्रेननं भांडं वीतभर उचललं. शेफालीनं सांगितलेलं टोक खाली झुकलं. ओव्हाळांनी लगेच ते टेकवायला लावलं, खडूची खूण तळहातानं पुसली आणि नवी खूण तिला करायला सांगितली. "ट्रेलरवर ठेवतानाबी हेच माप धर," ते म्हणाले. "मी मधोमध ठेवलं असतं."

माल चढला, सॅडलवर बसला. साखळ्या आवळल्या. गाडी फाटकापर्यंत नेऊन ब्रेक मारला. मग ओव्हाळ पुढच्या रोधाशी वाकले आणि तिथेच थांबले. वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर होती. सकाळी ती होती की आत्ता पडली, सांगता येत नव्हतं.

कंपनीच्या मालकांचा मुलगा पृथ्वीराज तिथेच उभा होता. त्यानं मोबाईलचा प्रकाश टाकून पाहिलं. "काका, हा पेंट क्रॅक झालाय फक्त. रस्त्याची परमिशन आजचीच आहे. आज गाडी निघाली नाही तर सगळं परत पहिल्यापासून. पोलीस, विजेचे लाइनवाले, सगळे."

"असेल पेंटची," ओव्हाळ म्हणाले. "मला सांगता येत नाही."

"मग?"

ओव्हाळ केबिनकडे वळले. त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. विक्रम नावाचा, तिशीतला, केबिनमध्ये गाणी लावून बसलेला.

"विक्रम, हिकडं ये. बोट लाव. काय लागतंय?"

विक्रमनं बोट फिरवलं. "चीर हाय."

"हा रोध सुटला तर भांडं कुठं येईल?"

विक्रमनं भांड्याकडे पाहिलं, मग आपल्या केबिनकडे. गाणं चालूच होतं.

"सुटेलच असं मी म्हणत नाही," ओव्हाळ म्हणाले. "कदाचित काही होणार नाही. पण हे तुला माहीत नसताना तू निघायचं नाहीस. आता तुला माहीत हाय."

पृथ्वीराज म्हणाला, "काका, तुम्ही त्याला घाबरवताय."

"सांगतोय," ओव्हाळ म्हणाले. त्यांनी विक्रमचं कोपर धरलं होतं, असं शेफाली मला म्हणाली.

विक्रम केबिनमध्ये चढला. गाणं बंद झालं. तो खाली आला तेव्हा किल्ली त्याच्या हातात होती. ती त्यानं खिशात टाकली.

"साहेब, वेल्डिंग करून घ्या. मग जातो."

पृथ्वीराज चिडून ऑफिसात गेला. शेफालीनं वेल्डर बोलावला. भांडं पुन्हा थोडं उचललं, रोधावरचा रंग घासून काढला. चीर वरवरचीच निघाली. आत वेल्डिंग शाबूत होतं. तरी वेल्डरनं ती जागा खरवडून पुन्हा भरली. परवानगीचा दिवस वाया गेला, नव्यानं अर्ज करावा लागला.

पृथ्वीराज बाहेर आला. "बघितलंत? काही नव्हतं."

"बरं झालं," ओव्हाळ म्हणाले. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. पृथ्वीराज नंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही, आणि ते त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

परवानगी पुन्हा मिळाल्यावर गाडी निघाली. ट्रेलरपुढे वाट मोकळी करत चालणाऱ्या पायलट गाडीत ओव्हाळ बसले. त्यांनी ते स्वतःहून मागितलं होतं. वाट संपतच्या घाटातूनच होती आणि अपघात झाल्यापासून तिथून ते गेले नव्हते. उतार लागला तशी गाडी अगदी धीमी चालू लागली, मागे वाहनांची रांग लागली, कुणीतरी भोंगे वाजवत होतं. मध्ये एका रुंद जागी विक्रमनं ब्रेक गार करायला गाडी थांबवली. दोघांनी साखळ्या पाहिल्या. एक किंचित ढिली होती, ती आवळली.

"काका, इथंच का ते?" विक्रमनं विचारलं. त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"अजून थोडं खाली," ओव्हाळ म्हणाले.

ती जागा आली तेव्हा ते खिडकीतून बघत राहिले. तिथे काही नव्हतं. नवा कठडा होता, त्याला पिवळा-काळा रंग दिला होता.

कारखान्यावर पोचायला दुसरी सकाळ झाली. तिथल्या बायकांनी ट्रेलरच्या पुढच्या चाकांना पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. क्रेन आली. ओव्हाळांनी एकेक साखळी स्वतः सोडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. भांडं सिमेंटच्या चौथऱ्यावर उतरलं आणि कारखान्याच्या माणसांनी त्याचा ताबा घेतला. मग त्यांनी नळावर हातपाय धुतले, कामगारांच्या पंगतीत विक्रमशेजारी बसून पिठलं-भाकरी खाल्ली आणि एसटी पकडून स्वारगेटला उतरले. दुसऱ्या दिवशी एका टाकीचं काम होतं, त्यांनी तिथूनच शेफालीला फोन करून टाकीचं ड्रॉइंग मागितलं.